टाकी धरणाऱ्या हातांचे शिक्षण

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी गेले की मुख्य चौकात पुतळा दिसतो. शिवाजी महाराज, महात्मा फुले, बाबासाहेब आंबेडकर, अण्णा भाऊ साठे या थोरांचे पुतळे बसावेत म्हणून लोक वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करतात, लोकवर्गणी गोळा करतात, प्रसंगी तुरुंगातही जातात. पुतळ्याविषयी एवढी आस्था असणाऱ्या समाजात पुतळा घडतो कसा, हे मात्र शाळेत शिकवण्याची सोय नाही. पुतळा बाहेरून मागवायचा, मालमोटारीतून आणायचा, चौथऱ्यावर चढवायचा आणि पुढाऱ्याच्या हस्ते पडदा बाजूला सारायचा, एवढाच आपला आणि शिल्पकलेचा संबंध उरला आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, हा प्रश्न जितका कलेचा आहे तितकाच श्रम, ज्ञान आणि मालकी यांच्या वाटपाचा आहे. आणि तो हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट दिसतो.

मूलतत्त्वांचे अज्ञान किती महाग पडते, हे मालवणने दाखवून दिले. राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी मोठ्या समारंभाने अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिनेही झाले नसताना, तो कोसळला. चौकशी समितीने गंज, सदोष वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडा ही कारणे दिली. उलटपक्षी विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला आणि १९२८ साली पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये उभारलेला अश्वारूढ पुतळा एक शतक पुरे होत आले तरी ताठ उभा आहे. मालवणच्या दुर्घटनेवर राजकीय पक्षांनी परस्परांवर जे आरोप केले ते त्यांच्यापाशी. परंतु समारंभाची तारीख आधी ठरवून काम मागाहून उरकायचे, या वृत्तीला जाब विचारणारा जाणता प्रेक्षकवर्ग आपल्याकडे नाही, ही त्यातील खरी चिंतेची गोष्ट आहे. जो समाज शिल्पाची बाराखडी जाणत नाही, त्याला कोणीही कसलाही पुतळा विकू शकतो.

ही बाराखडी म्हणजे काय? ती काही गूढ विद्या नव्हे. पहिला धडा मातीचा. माती भिजवायची, खडे वेचायचे, ती तुडवून व मळून आतली हवा काढायची, ओल्या फडक्याखाली जपायची. दुसरा धडा सांगाड्याचा. ओली माती स्वतःच्या वजनाने खचते, म्हणून आत लाकूड, तार किंवा सळई यांचा आधार लागतो, आणि आकृतीचा तोल कोठून कोठे जातो हे आधी समजून घ्यावे लागते. तिसरा धडा संयमाचा. आधी मोठे आकारमान पकडायचे. नाक, डोळे, पागोट्याचे पीळ हे सर्व शेवटी. चौथा धडा फिरून पाहण्याचा. चित्राला समोरची एकच बाजू असते. शिल्प ज्या पाटावर उभे असते तो पाट सतत फिरवत राहावा लागतो, कारण एका बाजूने बरोबर वाटलेली रेषा दुसऱ्या बाजूने खोटी ठरते. पाचवा धडा साच्याचा. मातीचे रूप प्लास्टरमध्ये आणि तेथून धातूत कसे जाते, पोकळी का ठेवावी लागते, भट्टीत घालायची वस्तू आतून भरीव व ओलसर राहिली तर ती का फुटते, हे त्यात येते. शेवटचा धडा दगडाचा. मातीत चुकलेले पुन्हा भरता येते, दगडात काढलेले परत लावता येत नाही. म्हणून दगडाचा कारागीर हातोडा उचलण्यापूर्वी बराच वेळ नुसता पाहत बसतो. तो बसलेला दिसतो म्हणून त्याला आळशी समजणाऱ्या मुकादमाला काम म्हणजे काय हेच कळलेले नसते.

आता हिंगोली जिल्ह्याकडे पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा सरकारी कागदांत नेहमी ‘मागास’ म्हणून नोंदला जातो. पण ज्या शिक्षणाविषयी आपण बोलत आहोत, त्याची सामग्री या भूमीत जुनी आहे. परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांची कथा आपल्या खेड्यांत कीर्तनातून घरोघर पोहोचलेली आहे. तेरच्या गोरोबा कुंभारांनी थापटणे घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निवाडा दिला. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. या कथेतील आध्यात्मिक आशय कीर्तनकार सांगतातच. त्यातील सामाजिक आशय आपण लक्षात घ्यावा. सर्व संतमंडळींत कच्चे कोणते आणि पक्के कोणते हे ठरवण्याचा अधिकार येथे कुंभाराला दिलेला आहे, आणि तो त्याच्या हातातील हत्याराच्या बळावर, ठोकल्यावर येणारा नाद ओळखण्याच्या ज्ञानावर दिलेला आहे. हाताचे ज्ञान हेही ज्ञान आहे, हे ज्या परंपरेने मान्य केले, त्याच परंपरेच्या गावात आज माती हाताळणे म्हणजे अभ्यास बुडवणे समजले जाते.

ज्या औंढ्यात नामदेवांना गुरू भेटला, तेथील नागनाथाचे मंदिर म्हणजे शिल्पशिक्षणाचे उघडे पुस्तकच होय. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, काळ्या पाषाणाचा आहे आणि वरचा भाग नंतरच्या काळात विटाचुन्याने उभारलेला आहे. दोन काळ, दोन साहित्ये आणि दोन कामपद्धती एकाच वास्तूत एकावर एक उभ्या आहेत. खालच्या भिंती सरळ नाहीत. त्या कोनाकोनांनी आतबाहेर दुमडत गेल्या आहेत. त्यामुळे सूर्य सरकतो तशी सावली सरकते आणि सकाळी झाकलेली मूर्ती दुपारी उजेडात येते. आपल्याकडचा काळा दगड कठीण. त्यात वस्त्राची चुणी किंवा नर्तकीच्या कमरेचा बाक काढायचा म्हणजे हत्याराला योग्य पाणी दिलेले हवे आणि हाताला वर्षांची सवय हवी. उजेड हे शिल्पकाराचे अर्धे साहित्य आहे, ही गोष्ट औंढ्याच्या भिंतीपाशी एक दिवस घालवला तर दहा वर्षांच्या मुलालाही समजेल. परंतु शाळांच्या सहली येतात, दर्शनाची रांग लावतात, प्रसाद घेतात आणि परत जातात.

या बांधणीला आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री, राज्याचे दप्तर सांभाळणारा अधिकारी. ज्यांनी खाणीतून दगड काढला, वाहिला, घडवला आणि बसवला, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव शैलीला मिळाले नाही; ते मिळाले मंत्र्याला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण मुलांना मोठ्या उत्साहाने सांगतो. घाव सोसणाऱ्या दगडाला देवपण मिळाले हे खरे. टाकी चालवणाऱ्या माणसाला साधे माणूसपणही मिळाले नाही.

तो माणूस आजही आपल्यात आहे. वडार समाजात मातीकाम करणारे माती वडार, दगडाची वाहतूक करणारे गाडी वडार आणि जाती, पाटे, वरवंटे घडवणारे पाथरवट अशा शाखा आहेत. इंग्रजी राजवटीने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा इतिहास ज्यांच्या माथी आला, त्या विमुक्त जातींच्या यादीत महाराष्ट्रात हा समाज मोडतो. एके काळी दारोदार फिरून जात्याला टाकी लावून देणारी माणसे प्रत्येक गावाने पाहिली आहेत. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते गेले. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा गेला. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही, कारण जात्याने बायकांच्या कमरा मोडल्या हेही तितकेच खरे. पण यंत्राने कष्ट कमी झाले त्याचा लाभ एकाला आणि कसब बुडाले त्याचा तोटा दुसऱ्याला, अशी वाटणी झाली. जाते घडवणारा हात खडी केंद्रावर मजूर म्हणून गेला. दगड तोच, फरक एवढाच की पूर्वी त्याचे मोल घडाईवर ठरत असे आणि आता ते ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, ठरते. कसबाचे रूपांतर निव्वळ शक्तीत झाले की मजुरी पडते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. त्याला उलट फिरवण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे त्या हाताला पुन्हा ज्ञान मिळवून देणे.

येथे कोणी म्हणेल की, खरी प्रतिभा असेल तर ती मार्ग काढतेच. खेड्यांतून मोठे शिल्पकार निघालेच की! निघाले, पण कसे निघाले ते पाहावे. वर उल्लेखिलेले करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरातले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि म्हणून ते मुंबईच्या कलाशाळेत पोहोचले. बंगालमधील बांकुड्याचे रामकिंकर बैज नाभिक कुटुंबातले. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांची नजर गेली म्हणून १९२५ साली ते शांतिनिकेतनात आले. पुढे १९३८ मध्ये त्यांनी संगमरवर नव्हे, तर तेथलीच जांभ्या दगडाची खडी आणि सिमेंट वापरून स्थलांतर करणाऱ्या संथाळ कुटुंबाचे शिल्प उभे केले. कष्टकरी माणूस हा स्मारकाचा विषय होऊ शकतो हे त्यांनी देशाला दाखवले. धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार १९२५ साली सुतारकाम करणाऱ्या घरात जन्मले. एका शिक्षकाच्या प्रोत्साहनामुळे मुंबईला गेले आणि पुढे याच मराठवाड्यात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करत त्यांनी उमेदवारी केली. एक कलेक्टर, एक संपादक, एक शिक्षक. तीन माणसे त्या वाटेने गेली नसती तर तीन शिल्पकार आपल्याला मिळाले नसते. वाटेवरचा माणूस ज्यांना भेटला नाही अशा किती मुलांचे हात खडी फोडण्यात झिजले, याचा हिशेब कोणत्याही जनगणनेत सापडणार नाही. आश्रयदात्याच्या मर्जीवर प्रतिभा फुलावी ही सरंजामी व्यवस्था होय. लोकशाहीत शिक्षणाचे काम नशिबाचा वाटा कमी करणे हे असते.

आपली शिक्षणव्यवस्था तो कमी करते काय? शालेय स्तरावर कलेच्या नावाने जी गोष्ट प्रत्यक्ष चालते ती म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळे कागदावरचे विषय आहेत. त्यांत मातीचा एक गोळाही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टाने सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे मोठ्या शाळेतही हाताचे शिक्षण अर्धवेळचे, आणि लहान वाडी-तांड्यावरच्या शाळेला तेवढाही कायदेशीर अधिकार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकण्याची कल्पना मांडली. कल्पना चांगली आहे. परंतु तीन वर्षांत दहा दिवस म्हणजे ओळख झाली, शिक्षण नव्हे. आणि त्या दहा दिवसांत शिकवणाऱ्या कुंभाराला कोणता दर्जा आणि किती मोबदला, हा प्रश्न उरतोच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत मूर्तिकार, दगड घडवणारे आणि कुंभार यांचा समावेश आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि कमी व्याजाचे कर्ज अशा सवलती आहेत. जे गरजू कारागीर आहेत त्यांना आपल्या कार्यकर्त्यांनी हे लाभ जरूर मिळवून द्यावेत. परंतु पाच ते सात दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणाला शिल्पकलेचे शिक्षण म्हणता येणार नाही. शिवाय ही योजना अठरा वर्षांवरील, आधीच त्या धंद्यात असलेल्या माणसासाठी आहे. पिढीजात धंद्याला कर्ज देणे आणि प्रत्येक मुलाला शिल्पाची मूलतत्त्वे शिकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद समाजवाद्यांनी काटेकोरपणे पाळला पाहिजे. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हात आणि बुद्धी यांची सांगड हे तिचे मर्म होते. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ आईबापांच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली, तेव्हा तिला जातीचे शिक्षण म्हणून प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. विरोध योग्यच होता. वडाराच्या मुलाला टाकी आणि वकिलाच्या मुलाला पुस्तक, अशी वाटणी कलेच्या नावाने पुन्हा आली तर आपण तिच्याविरुद्ध उभे राहिले पाहिजे. आपली मागणी याच्या नेमकी उलट आहे. वकिलाच्या मुलीनेही माती मळावी, आणि वडाराच्या मुलीला बीजगणित व यंत्रशास्त्र शिकण्याची पूर्ण संधी मिळावी. पोळ्याला आपल्याकडे घरोघर मातीचे बैल लागतात. ते बाजारातून विकत न आणता प्रत्येक शाळेत सर्व जातींच्या मुलामुलींनी एकत्र बसून घडवले, तर मातीत हात घालणे हलके नाही हा धडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर मनात उतरेल.

दुसरा आक्षेप भुकेचा. सोयाबीनला भाव नाही, हळदीला पाऊस लागतो, तरुणांच्या हातांना काम नाही; अशा जिल्ह्यात शिल्पकला ही चैन नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यामागे एक गैरसमज आहे. शिल्पासाठी पैसा खर्च होत नाही असे नाही. तो होतोच, फक्त जिल्ह्याबाहेर जातो. पुतळे, मंदिरांचे जीर्णोद्धार, प्रवेशद्वारे, गणेशमूर्ती यांवर सरकार आणि समाज सतत खर्च करत आहेत. आणि ही गळती केवळ जिल्ह्यापुरती नाही. गुजरातमधील सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे रूप राम सुतारांनी घडवले. परंतु त्याचे ब्राँझचे पत्रे चीनमधील नानचांगच्या ओतशाळेत ओतले गेले. मागणी आहे, पैसा आहे; शिकलेले हात आणि सुसज्ज कार्यशाळा मात्र नाहीत.

ही उणीव भरून काढण्याचे मार्ग अन्यत्र चोखाळले गेले आहेत. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली निघाली. १८६५ साली वास्तुशिल्प शिकवण्यासाठी लॉकवुड किपलिंग तेथे आले, आणि पुढे बोरीबंदरच्या स्थानकावरील कोरीव काम तेथल्या विद्यार्थ्यांनी केले. परकीय सत्तेने स्वतःच्या वैभवासाठी का होईना, पण सरकारी इमारतीलाच शाळा बनवले. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळा-महाविद्यालयांच्या बांधकामखर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याचा नियम केला. स्वतंत्र महाराष्ट्राला हे अशक्य नाही. हिंगोलीत जी शासकीय इमारत उभी राहील तिच्या खर्चाचा एक टक्का स्थानिक शिकाऊ शिल्पकारांच्या कामासाठी राखला, तर मिरवणुकीच्या पुतळ्यापलीकडचे एक नियमित काम निर्माण होईल, आणि हळद तोडणाऱ्या बाया, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे यांना प्रथमच दगडात जागा मिळेल.

आपल्या चळवळीने कलेकडे दुर्लक्ष केले असे नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गाणी, नृत्य आणि लोकनाट्य गावोगाव नेले. शिल्प मात्र आपण देवळाकडे आणि सत्तेकडे सोडून दिले. म्हणून कार्यकर्त्यांपुढे पुढील मागण्या ठेवाव्याशा वाटतात. एक, जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत, पटसंख्या कितीही असो, आठवड्याला मातीकामाचा एक तास असावा आणि तो घेणाऱ्या कुंभाराला वा पाथरवटाला निदेशक म्हणून रीतसर मानधन मिळावे. दोन, चित्रकलेच्या परीक्षांत मातीकामाचा एक विषय जोडावा. तीन, औंढा येथे शासनाने दोन वर्षांच्या मुदतीची शिल्पशाळा काढावी. तेथे प्रवेशासाठी जात वा घराणे न पाहता हात पाहावा, आणि खडी केंद्रावर काम केलेल्या तरुणाचा अनुभव पात्रता म्हणून धरावा. चार, बांधकामाच्या एक टक्क्याचा नियम जिल्हा नियोजनापासून सुरू करावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. येत्या पोळ्याच्या आधी आठ दिवस आपापल्या गावच्या शाळेत जावे, गावातल्या कुंभाराला सन्मानाने बोलवावे, बैलगाडीभर माती टाकावी आणि मुलांना बसवावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वा अनुदानाची गरज नाही. पुढच्या उन्हाळी शिबिरात एक दिवस औंढ्याच्या भिंतीपाशी घालवावा, आणि त्या दिवशी बोलण्याचे काम पुढाऱ्याने न करता दगड घडवणाऱ्या माणसाला करू द्यावे.